फ्लीट आणि मार्शलसी : इजाऱ्याने दिलेले तुरुंग

ओसरी

मंडळी, बरेच दिवस मनात घोळत असलेला विषय आहे. थोडं लांबेल, पण शेवटपर्यंत वाचा अशी विनंती.

लंडनला नोकरीला होते तेव्हा जेवणाच्या सुट्टीत फॅरिंग्डन स्ट्रीटवरून एक फेरी मारायचे. त्या रस्त्याखालून फ्लीट नावाची नदी वाहते. आता ती पूर्ण झाकली आहे, तिचं गटार झालं आहे. उत्तरेकडे थोडं चालत गेलं की रे स्ट्रीटवर भर रस्त्यात एक लोखंडी जाळी लागते. रहदारी थांबली की त्या जाळीतून खालच्या पाण्याचा आवाज येतो. या नदीच्या काठावर बाराव्या शतकापासून १८४२ पर्यंत फ्लीट तुरुंग होता. त्या तुरुंगालाही रस्त्याच्या बाजूला एक जाळी होती. आतला कैदी तिथे उभा राहून येणाऱ्याजाणाऱ्याला हाका मारायचा, 'गरीब ऋणकोंची आठवण ठेवा' म्हणून पैसे मागायचा. कारण आत जेवायचं तर स्वतःच्या पैशाने.

फ्लीटमधले बहुतेक कैदी चोर-दरोडेखोर नव्हते, कर्ज थकलेले लोक होते. शिंपी, सुतार, लेखक, पाद्री, कधी एखादा सरदार. सावकाराने दावा लावला की आत, आणि कर्ज फिटेपर्यंत आतच. आत बसून कर्ज कसं फेडायचं, हा प्रश्न कायद्याने स्वतःला विचारलाच नव्हता.

आता मूळ मुद्दा. हा तुरुंग म्हणायला राजाचा, पण चालवणारा वॉर्डन पगारी नोकर नव्हता. वॉर्डनकी ही मिळकत होती. ती विकत घेता येई, विकता येई, पोटभाड्याने देता येई. आपल्याकडे उत्तर पेशवाईत दुसऱ्या बाजीरावाने परगण्यांचे इजारे दिले, म्हणजे ठराविक रक्कम घेऊन वसुलीचा हक्क विकला, तसाच हा तुरुंगाचा इजारा. १७१३ मध्ये जॉन हगिन्स नावाच्या माणसाने स्वतःच्या आणि मुलाच्या हयातीपुरती फ्लीटची वॉर्डनकी ५,००० पौंडांना घेतली. १७२८ मध्ये त्याने ती तेवढ्याच रकमेला थॉमस बॅम्ब्रिज आणि आणखी एका भागीदाराला विकली. सरकार या माणसांना दमडी देत नव्हतं. मग हे ५,००० पौंड वसूल कुठून व्हायचे? आतल्या माणसांकडून.

आत येताना फी, खोलीला भाडं, अंथरुणाला भाडं, सुटताना फी. बेड्या नकोत तर त्याचे वेगळे. 'रूल्स' नावाचा एक प्रकार होता, म्हणजे तुरुंगाभोवतीच्या ठराविक गल्ल्या. वॉर्डनला पैसे आणि जामीन दिला तर कैदी तिथे बिऱ्हाड करून राहू शकायचा. पैसे संपले की पुन्हा भिंतीच्या आत, आणि तिथलेही पैसे संपले की 'कॉमन साइड'ला, भीक मागणाऱ्यांत.

रॉबर्ट कॅस्टेल नावाचा एक वास्तुविशारद होता. प्राचीन रोमन लोकांच्या बागबंगल्यांवर त्याने नकाशांसह एक देखणा ग्रंथ १७२८ मध्ये स्वतःच्या खर्चाने काढला आणि कर्जात बुडाला. फ्लीटच्या हद्दीत तो पैसे भरून राहत होता. बॅम्ब्रिजने आणखी मागितले, त्याच्याकडे उरले नव्हते. वॉर्डनच्या माणसांची जवळपास खासगी घरं असत, तिथे कैद्याला कोंडून राहण्याजेवण्याचा खर्च त्याच्याच माथी मारत. अशाच एका घरात कॅस्टेलला हलवायचा हुकूम झाला. त्या घरात तेव्हा देवीची साथ होती. कॅस्टेलने हातापाया पडून सांगितलं की मला देवी कधी आलेल्या नाहीत, मला तिथे पाठवू नका. पाठवलं. डिसेंबर १७२८ मध्ये तो तिथेच देवीने गेला. मागे बायको आणि लहान मुलं.

अशी माणसं तिथे रोज मरत होती. फरक एवढाच की कॅस्टेलचा एक मित्र पार्लमेंटमध्ये होता, जेम्स ओगलथॉर्प. फेब्रुवारी १७२९ मध्ये हाउस ऑफ कॉमन्सने तुरुंगांच्या चौकशीसाठी समिती नेमली आणि ओगलथॉर्प तिचा अध्यक्ष झाला. समितीचे लोक स्वतः आत गेले. त्यांनी पाहिलेली 'स्ट्राँग रूम' अशी : मुडदे पुरायच्या तळघरासारखी खोली, चूल नाही, धुराडं नाही, उजेड दारावरच्या भोकातून येईल तेवढाच, आणि शेजारी सगळ्या तुरुंगाची घाण टाकायचा उकिरडा. एडवर्ड आर्न नावाचा कैदी हगिन्सच्या काळात अशाच कोठडीत मेला होता. समितीसमोर सर विल्यम रिच हे बॅरोनेट बेड्यांसकट उभे राहिले. विल्यम होगार्थने या बैठकीचं चित्र काढलं आहे. त्याचे वडील कर्जापायी काही वर्षं फ्लीटमध्ये होते, म्हणजे तो लहानपणी त्या हद्दीत राहिलेला. तो परक्याच्या डोळ्यांनी बघत नव्हता.

टेम्स नदीपलीकडे सदर्कमध्ये मार्शलसी तुरुंग होता, तिथे तर पोट-इजारा. मुख्य इजारदाराने तो विल्यम ॲक्टन नावाच्या खाटकाला सात वर्षांसाठी दिला होता : तुरुंगाचे वर्षाला १४० पौंड आणि खोल्यांचं भाडं गोळा करण्याच्या हक्काचे वर २६०. त्यातली एक खोली समितीने मोजली. सोळा फूट लांब, चौदा फूट रुंद, आठ फूट उंच. तीत बत्तीस माणसं, कधी चाळीस. निम्मी जमिनीवर आणि निम्मी त्यांच्या वर टांगलेल्या झोळ्यांत. उन्हाळा लागला की चोवीस तासांत आठ-दहा माणसं मरतात, असं समितीने लिहून ठेवलं आहे.

मला हे वाचताना पुन्हा पुन्हा त्या ४०० पौंडांपाशीच थांबावंसं वाटतं. ॲक्टन फार दुष्ट असेलही. पण एखादा दयाळू माणूस तिथे बसवला असता, तरी वर्षाअखेर ४०० पौंड त्यालाही भरावे लागलेच असते.

खटले झाले. बॅम्ब्रिज, हगिन्स, ॲक्टन तिघांवर खुनाचे. तिघेही सुटले.

---

जुना पाना

ओसरीताई, सुंदर धागा. वाचनखूण साठवली.

एक शंका. याला खासगी तुरुंग म्हणावं की नुसती लाचखोरी? चिरीमिरी देऊन सोयी मिळवणं सरकारी तुरुंगातही चालतंच की.

---

ओसरी

लाच म्हणजे नियम मोडून घेतलेले पैसे. फ्लीटमध्ये फी हाच नियम होता, फीचे अधिकृत तक्ते होते. बॅम्ब्रिजवर ठपका होता तो तक्त्यापेक्षा जास्त उकळल्याचा आणि छळाचा. फी घेतल्याबद्दल त्याला कुणीच बोल लावला नाही. पार्लमेंटने खास कायदा करून बॅम्ब्रिजला त्या जागेवरून काढलं, पण वॉर्डनकी तशीच ठेवली. नुसता माणूस बदलला.

फी ही पद्धत म्हणून प्रश्न झाली ती ४०-४५ वर्षांनी. १७७३ मध्ये जॉन हॉवर्ड बेडफर्डशायरचा शेरीफ झाला. शेरीफकडे तुरुंगाची नाममात्र देखरेख असे, बहुतेक शेरीफ फिरकतही नसत. हा गेला. त्याला दिसलं की ज्यूरीने निर्दोष ठरवलेली माणसं महिनोन्‌महिने आतच आहेत, कारण सुटायची फी भरायला त्यांच्याकडे पैसे नाहीत. त्याने काउंटीच्या न्यायाधीशांना सांगितलं, जेलरला पगार द्या. ते म्हणाले, शेजारच्या काउंट्या देतात का ते दाखवा. म्हणून हॉवर्ड शेजारच्या काउंट्यांत गेला, मग त्यांच्या शेजारच्या, आणि पुढे मरेपर्यंत युरोपभर घोड्यावरून तुरुंग पाहत हिंडला. १७७४ मध्ये निर्दोष सुटलेल्यांची फी बंद झाली, १८१५ मध्ये तुरुंगातली फीच कायद्याने रद्द झाली. १८७८ पासून इंग्लंड-वेल्समधले सगळे स्थानिक तुरुंग केंद्र सरकारच्या हाती आले.

---

दरखास्तवाला

उत्तम धागा. मी साताऱ्याकडे दिवाणी वकिली करतो, त्यामुळे 'ऋणको' शब्द वाचून थबकलो. आमच्या रोजच्या कागदात ऋणको आणि धनको हेच शब्द असतात.

दिवाणी कैद आपल्याकडे अजून कायद्यात आहे. हुकूमनामा (कोर्टाचा पैसे देण्याचा आदेश) झाला, पैसे आले नाहीत, की धनको म्हणजे सावकार दरखास्त, म्हणजे वसुलीचा अर्ज, लावतो आणि त्यात ऋणकोला दिवाणी तुरुंगात ठेवण्याची मागणी करू शकतो. रक्कम ५,००० रुपयांच्या वर असेल तर जास्तीत जास्त तीन महिने. बाईला पैशाच्या हुकूमनाम्यात अटक करता येत नाही.

आणि गंमत नाही, अगदी गंभीरपणे सांगतो, ऋणकोच्या जेवणाचा भत्ता कोर्टात धनकोने भरायचा असतो. भत्ता थांबला की ऋणकोला सोडावं लागतं. हे इंग्लंडमधूनच आलेलं आहे. अठराव्या शतकात तिथे तरतूद झाली की सावकाराला ऋणकोला आतच ठेवायचं असेल तर त्याने त्याच्या पोटासाठी दिवसाला चार पेन्स द्यावेत. चार पेन्सच्या नाण्याला ग्रोट म्हणत, म्हणून त्या भत्त्यालाही ग्रोट्‌सच म्हणत.

वकिलीच्या सुरुवातीच्या काळात माझ्याकडे एका पतसंस्थेची दरखास्त होती. ऋणको म्हणजे टेम्पो चालवणारा साठीतला माणूस, टेम्पो आधीच ओढून नेलेला. भत्त्याची रक्कम भरायची वेळ आली तेव्हा संस्थेच्या वसुली अधिकाऱ्याने मला बाजूला घेऊन विचारलं, "वकीलसाहेब, म्हणजे आपणच त्याला जेवायला घालायचं?" मी हो म्हटलं. तो दोन मिनिटं गप्प उभा राहिला आणि म्हणाला, राहू द्या, हप्ते बांधून घेऊ. त्या माणसाने तीन वर्षांत पैसे फेडले.

फ्लीटमध्ये कोंडणारा सावकार, खर्च कैद्याचा आणि नफा वॉर्डनचा. आपल्या कायद्यात कोंडायला लावणाऱ्याच्या खिशाला हात घातला आहे. तेवढ्याने किती फरक पडतो ते मी त्या दिवशी कोर्टाच्या व्हरांड्यात पाहिलं. पुढे १९८० मध्ये न्या. कृष्णा अय्यर यांनी जॉली जॉर्ज वर्गीस खटल्यात स्पष्टच केलं की नुसती फेडायची ऐपत नाही म्हणून कुणाला आत टाकता येणार नाही, ऐपत असून बुडवण्याची वृत्ती दिसली पाहिजे.

ता.क. : पेशवाईतल्या कागदांत 'मसाला' येतो तो स्वयंपाकातला नाही. बोलावणं घेऊन आलेल्या शिपायाला ज्याला बोलावलं त्यानेच द्यायचा पैसा. तेव्हा ज्याच्यावर जबरदस्ती त्याच्याकडूनच खर्च घ्यायची कल्पना फक्त इंग्रजांची नव्हे.

---

शुभदा_पु

दरखास्तवाला काका, तुमच्या वसुली अधिकाऱ्याचा प्रश्न डोक्यातून जात नाहीये. यावर वेगळा धागा काढाच.

---

टेनेसीकर

मी नॅशव्हिलमध्ये बारा वर्षं आहे. खासगी तुरुंगांच्या आजच्या सगळ्यात मोठ्या कंपन्यांपैकी एक इथलीच. करेक्शन्स कॉर्पोरेशन ऑफ अमेरिका १९८३ मध्ये इथे निघाली, २०१६ मध्ये तिने कोअरसिव्हिक हे नाव घेतलं. संस्थापकांपैकी टॉम बीझ्ली राज्याच्या रिपब्लिकन पक्षाचे माजी अध्यक्ष, आणि टी. डॉन हट्टो आधी आर्कान्सा आणि व्हर्जिनिया राज्यांचे तुरुंग सांभाळलेले. पहिलं मोठं काम होतं टेक्ससमधल्या ह्यूस्टनला, कागदपत्रं नसलेल्या स्थलांतरितांना ठेवण्याचं. इमारत वेळेत तयार नव्हती म्हणून जानेवारी १९८४ मध्ये त्यांनी एक मोटेल भाड्याने घेतलं, भोवती कुंपण घातलं आणि माणसं आणून ठेवली. १९८५ मध्ये त्यांनी टेनेसीला प्रस्ताव दिला की राज्याचे सगळेच तुरुंग आम्हाला ९९ वर्षांच्या कराराने द्या. विधिमंडळाने नाही म्हटलं.

हे नाही म्हणण्यामागे जुनी आठवण असेल का, असा विचार माझ्या मनात येतो. कारण टेनेसीने हा अनुभव आधी घेतलेला होता. यादवी युद्धानंतर दक्षिणेतल्या राज्यांनी कैदीच भाड्याने द्यायला सुरुवात केली. तुरुंग बांधायचा खर्च नाही, उलट उत्पन्न. कैदी बहुसंख्य काळे, आणि पुष्कळांचा गुन्हा म्हणजे काम नसताना रस्त्यावर सापडणं. इथला ठेका टेनेसी कोल, आयर्न अँड रेलरोड या कंपनीकडे होता, ती कैद्यांना कोळशाच्या खाणीत उतरवायची. गुलामगिरीत निदान गुलाम मेला तर मालकाचे पैसे बुडायचे. भाड्याचा कैदी मेला तर राज्य दुसरा देत असे.

जुलै १८९१ मध्ये कोल क्रीक भागात संपावरच्या खाण कामगारांच्या जागी कैदी आणले, तेव्हा ते कामगार बंदुका घेऊन ब्राइसव्हिलच्या कैदी-छावणीवर चालून गेले. त्यांनी पहारेकरी आणि कैदी, दोघांनाही आगगाडीत बसवून नॉक्सव्हिलला परत पाठवलं. ऑक्टोबर अखेरीस पुन्हा गेले, तेव्हा छावण्या जाळल्या आणि कैद्यांना मोकळं सोडलं. पुढच्या वर्षापर्यंत चकमकी चालल्या, मिलिशिया आणावी लागली. मिलिशियाचा खर्च वाढल्यावर भाड्याच्या उत्पन्नात काही अर्थ उरला नाही. १८९६ मध्ये टेनेसीने ठेका संपवला आणि ब्रशी माउंटन इथे स्वतःचा तुरुंग काढला.

पण तिथेही कैदी कोळसाच काढत होते, फक्त आता राज्यासाठी. हेही सांगायला हवं.

---

मिडलँड्स

टेनेसीकरांच्या शेवटच्या वाक्याला धरूनच बोलतो. मी बर्मिंगहॅमला राहतो. माझं मत थोडं वेगळं आहे.

इंग्लंडमध्ये आधुनिक काळातला पहिला खासगी चालकाचा तुरुंग एप्रिल १९९२ मध्ये यॉर्कशायरच्या पूर्व भागात सुरू झाला, द वोल्ड्स, चालवायला ग्रुप फोर ही खासगी कंपनी. तो कच्च्या कैद्यांसाठी होता. त्याच काळात जुन्या सरकारी तुरुंगांत कच्चे कैदी दिवसाचे बावीस-तेवीस तास एका कोठडीत तिघं असे कोंबलेले असत, आणि रात्री नैसर्गिक विधीला बादली. बादलीची पद्धत १९९६ पर्यंत पूर्ण गेली नव्हती. वोल्ड्समध्ये मात्र कैदी दिवसातला बराच वेळ कोठडीबाहेर असायचे. २००३ मध्ये ब्रिटनच्या राष्ट्रीय लेखापरीक्षकांनी खासगी तुरुंग तपासले. सगळ्यात चांगले खासगी तुरुंग बहुतेक सरकारी तुरुंगांपेक्षा सरस, आणि सगळ्यात वाईट खासगी तुरुंग एकूणातल्या सगळ्यात वाइटांत, असा निष्कर्ष निघाला. म्हणून 'खासगी म्हणजे फ्लीट' हे मला एका दमात मान्य होत नाही. आज कैदी फी देत नाही, सरकार देतं, आणि आत सरकारचा नियंत्रक बसलेला असतो.

आता माझ्याच गावचं उलट उदाहरण, न लपवता. आमचा विन्सन ग्रीनचा व्हिक्टोरिया राणीच्या काळातला तुरुंग २०११ मध्ये जीफोरएस या खासगी सुरक्षा कंपनीला दिला. चालू सरकारी तुरुंग खासगी हातात जाण्याची ती पहिली वेळ. डिसेंबर २०१६ मध्ये तिथे बारा तासांहून जास्त दंगल झाली. ऑगस्ट २०१८ मध्ये मुख्य निरीक्षक पीटर क्लार्क यांनी अहवाल दिला : रक्त, उलट्या, उंदरांची घाण, झुरळं, उघड अमली पदार्थ, आणि ऑफिसात आतून कडी लावून बसलेले कर्मचारी. सरकारने तुरुंग काढून घेतला आणि २०१९ मध्ये तो कायमचा परत सरकारी झाला.

माझ्या शेजारच्या गल्लीत तिथे वीस वर्षं नोकरी केलेले एक शीख गृहस्थ राहतात. ते म्हणाले, "कंपनी आल्यावर पहिल्यांदा गेली ती जुनी माणसं." कुठला कैदी कधी बिथरतो, कुणाला आईचं पत्र आलं की दोन दिवस सांभाळायला लागतं, हे जाणणारी माणसं. त्यांचे पगार जास्त होते.

---

जुना पाना

मिडलँड्स, समतोल लिहिलंत, पण सरकारने पैसे द्यायचे ठरल्यावर गोष्ट बदलते हे मला पटत नाही. कंपनीला दर माणसामागे दर दिवसाचे पैसे. म्हणजे रिकामी खाट हा तोटा. २०१२ मध्ये टेनेसीकरांच्या गावच्या कंपनीने ४८ राज्यांना पत्रं पाठवली होती : तुमचे तुरुंग आम्ही विकत घेतो, वीस वर्षांचा करार करा आणि ९० टक्के खाटा भरलेल्या राहतील अशी हमी द्या. कुठल्याही राज्याला ही हमी द्यायची तर त्याने पुढली वीस वर्षं गुन्हे कमी होऊ द्यायचे नाहीत, असाच अर्थ निघतो ना?

जेरेमी बेंथम या इंग्रज तत्त्वज्ञाने यावर एक तोडगा काढला होता. त्याच्या पॅनॉप्टिकॉनचा गोल तुरुंग आणि सगळ्या कैद्यांवर नजर ठेवणारा मधला मनोरा पुष्कळांना माहीत असतो. पण बेंथमला तो तुरुंग स्वतः ठेकेदार म्हणून चालवायचा होता, हे फार कमी लोक लक्षात ठेवतात. त्याच्या करारात कलम होतं : सरासरीपेक्षा जास्त जितके कैदी मरतील, त्या प्रत्येकामागे ठेकेदाराने सरकारला ठराविक रक्कम भरायची. म्हणजे माणूस जिवंत ठेवण्यातच फायदा. वीस वर्षं तो सरकारच्या मागे लागला, पार्लमेंटने १७९४ मध्ये कायदाही केला, आणि शेवटी १८१३ मध्ये २३,००० पौंड भरपाई देऊन त्याला वाटेला लावलं. टेम्सकाठी त्याच्याच जागेवर मिलबँक तुरुंग झाला, सरकारी.

---

शुभदा_पु

दोन्ही बाजू वाचल्यावर इस्रायलचा निकाल सांगावासा वाटतो. तिथे २००४ मध्ये कायदा बदलून बीअर शेवाजवळ ८०० कैद्यांचा खासगी तुरुंग बांधायचं ठरलं. इमारतही उभी राहिली. नोव्हेंबर २००९ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक मताने तो कायदाच रद्द केला. सरन्यायाधीश डोरिट बेनिश यांनी आत सोयी चांगल्या असतील की वाईट, या वादात जायचं नाकारलं. माणसाचं स्वातंत्र्य हिरावणं हे नफ्यासाठी चालणाऱ्या कंपनीच्या हातात दिलं, तिथेच त्याच्या प्रतिष्ठेला धक्का बसतो, असं त्या म्हणाल्या.

मिडलँड्स, तुमच्या वोल्ड्सच्या युक्तिवादाला मला तरी हेच उत्तर सुचतं. कोठडी स्वच्छ असली तरी.

---

मिडलँड्स

शुभदाताई, बादली वापरलेल्या माणसाला हे उत्तर पुरेल का, याबद्दल मी साशंक आहे. पण निकाल वाचतो नक्की.

---

टेनेसीकर

ओसरीताई, ओगलथॉर्पने नंतर जॉर्जिया वसाहत स्थापली ना? इथे शाळेत मुलांना शिकवतात की कर्जदार कैद्यांना नवं आयुष्य देण्यासाठी ती काढली.

---

ओसरी

हो, कल्पना तिथूनच सुरू झाली. समितीच्या कामानंतर त्याच्या डोक्यात सुटलेल्या ऋणकोंचा प्रश्न होता. १७३२ मध्ये सनद मिळाली, फेब्रुवारी १७३३ मध्ये लोक तिथे पोचले. पण प्रत्यक्ष त्या जहाजांवर तुरुंगातून सुटलेले ऋणको अगदी थोडे होते.

सगळ्यांचे आभार. दरखास्तवाला, तुमचा प्रतिसाद मी आईला वाचून दाखवला. ती म्हणाली, त्या टेम्पोवाल्याला भाकरीने सोडवलं.

एक गोष्ट मूळ लेखात राहिली. कॅस्टेलच्या मृत्यूबद्दल बॅम्ब्रिज सुटला, पण त्यानंतर कॅस्टेलची बायको मेरी गप्प बसली नाही. तेव्हाच्या इंग्लिश कायद्यात एक जुनाट वाट होती : सरकारी खटल्यात आरोपी सुटला तरी मेलेल्याची विधवा स्वतःच्या नावाने त्याच्यावर खुनाची फिर्याद लावू शकायची. मेरीने १७३० मध्ये ती लावली. घरात लहान मुलं, नवऱ्याचं कर्ज तसंच. ज्यूरीने बॅम्ब्रिजला दुसऱ्यांदा सोडलं.